देवस्थानच्या पैशाला हात लागल्याचा संशय आला तर: आधी कागद, मग आवाज

पुण्यात नोकरी करणाऱ्या एका तरुणाने विचारलं आहे: "आमच्या गावच्या देवस्थानाला आजोबांनी तीन एकर जमीन दिली होती. ट्रस्ट नोंदणीकृत आहे. बारा वर्षं एकच सचिव सगळं बघतो, बाकीचे विश्वस्त वयस्कर आहेत, ते फक्त सह्या करतात. हिशेब मागितला की 'ऑडिट झालंय' एवढंच उत्तर मिळतं. आता कळलं की आजोबांची जमीन सचिवाने आपल्याच भाच्याला २९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली आहे. देवाचा चांदीचा मुखवटाही पूर्वीसारखा वाटत नाही. याला चोरी म्हणायचं का? आणि गावाबाहेर राहणारा मी यात काय करू शकतो?"

करण्यासारखं पुष्कळ आहे. पण तुमच्या मनात आत्ता जे पहिलं पाऊल असेल, म्हणजे गावात जाऊन सचिवाला चारचौघांत जाब विचारणं, ते मात्र उचलू नका. गेली सव्वीस वर्षं मी धर्मादाय कार्यालयात, म्हणजे ट्रस्टांवर देखरेख करणाऱ्या सरकारी कार्यालयात, वकिली करते, आणि हातातून निसटलेली बहुतेक प्रकरणं याच पायरीवर निसटलेली पाहिली आहेत. एका गावात ग्रामसभेत जोरदार भांडण झालं, टाळ्याही पडल्या. पुढच्या आठवड्यात देवळाच्या खोलीतलं दप्तर "वाळवीने खाल्लं". रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) नाही, पावतीपुस्तकं नाहीत, इतिवृत्ताची वही नाही. लोकांचा संशय खरा होता असं मला आजही वाटतं, पण तो सिद्ध करायला हाती काहीच उरलं नाही.

म्हणून सुरुवात अशा कागदांपासून करा, जे त्या माणसाच्या कपाटात नाहीत. ट्रस्टचं दप्तर त्याच्या ताब्यात असतं, पण त्याच व्यवहारांच्या खुणा चार-पाच ठिकाणी पडलेल्या असतात: धर्मादाय कार्यालयात, तलाठ्याकडे, दुय्यम निबंधकाकडे, बँकेत, छापखान्यात, सोनाराकडे. तिथले कागद त्याला बदलता येत नाहीत.

पहिली फेरी जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात. नक्कल अर्ज करा आणि ट्रस्टच्या परिशिष्ट १ चा उतारा, म्हणजे आपण ज्याला पीटीआरचा उतारा म्हणतो तो, मागा; त्यात ट्रस्टचे विश्वस्त आणि मिळकती नोंदलेल्या असतात. त्याबरोबर मंजूर घटना किंवा योजना (ट्रस्ट कसा चालवायचा याचे नियम), गेल्या दहा वर्षांतले बदल अर्ज आणि दाखल झालेले सगळे ऑडिट रिपोर्ट मागा. परिशिष्ट १ हातात आलं की आधी विश्वस्तांची नावं वाचा. कित्येक उताऱ्यांत निम्म्या नावांमागे गावकऱ्यांच्या तोंडी 'कैलासवासी' लागलेलं असतं आणि कागदावर ती माणसं अजून कारभार करत असतात. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो दिलेला नसेल तर सह्या करणारे 'विश्वस्त' मुळात विश्वस्त आहेत का, हाच प्रश्न उभा राहतो. मयत माणसाच्या नावाची सही एखाद्या ठरावावर सापडली, तर तो एकच कागद प्रकरणाचं वजन बदलून टाकतो.

मग ऑडिट रिपोर्ट. "ऑडिट झालंय" हे वाक्य ऐकून लोक गप्प बसतात, म्हणून यावर थोडं थांबते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० चा आहे आणि त्याखालचे नियम १९५१ चे. त्यातल्या नियम १९ प्रमाणे ऑडिटरला एका ठरलेल्या प्रश्नावलीची उत्तरं द्यावी लागतात. जमाखर्च नीट दाखवला आहे का, ऑडिटच्या दिवशी हातातली रोकड आणि व्हाउचर जुळली का, जंगम आणि स्थावर मालमत्तेची नोंदवही ठेवली आहे का, कलम ३६ (मंजुरीशिवाय मिळकत देण्यावरची बंदी) मोडून मिळकत कुणाला दिली आहे का, कुणी विश्वस्त ट्रस्टचा ऋणको किंवा धनको आहे का, सभा नियमित होतात का, मागच्या वर्षी काढलेल्या त्रुटी दुरुस्त झाल्या का. बहुतेक लोक ताळेबंद बघतात आणि आकड्यांत हरवतात. तुम्ही ताळेबंद बाजूला ठेवा आणि ही प्रश्नावली दहा वर्षांची ओळीने मांडून वाचा. दहाही वर्षं तीच उत्तरं, त्याच शब्दांत, शब्दलेखनाच्या त्याच चुकांसह आली असतील, तर ऑडिटर देवळात पाऊल न ठेवता सही करून गेला आहे. आणि तुमच्या प्रकरणात कलम ३६ च्या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं असेल, भाडेपट्टा मात्र नोंदलेला असेल, तर ते उत्तर खोटं आहे आणि ते खोटं आता सरकारी दप्तरात आहे.

पैसे कसे जातात, हे एका प्रकरणातून सांगते. नवरात्राची मोठी यात्रा भरणारं देऊळ होतं. दानपेटी दोन कुलपांची, पंचांसमोर उघडायची, सगळं चोख. तक्रारदार सारखे दानपेटीकडेच बोट दाखवत होते. चौकशीत आम्ही व्हाउचरची फाइल मागितली आणि त्यात छापखान्याचं बिल निघालं: देणगी पावतीपुस्तकं ५० नग, प्रत्येकी १०० पावत्या. खजिनदाराने ते बिल प्रामाणिकपणे खर्ची टाकलं होतं. मग टेबलावर पावतीपुस्तकं क्रमाने लावली. ४६ भरली. ३१ ते ३४ ही चार पुस्तकं नव्हती. गावातल्या घराघरांत देव्हाऱ्याजवळ, वीजबिलांच्या तारेत भाविकांनी पावत्या जपून ठेवल्या होत्या. महिन्याभरात ३१ ते ३४ क्रमांकाच्या सत्तावीस मूळ पावत्या जमा झाल्या. त्यांच्या स्थळप्रती, म्हणजे पुस्तकात राहणाऱ्या प्रती, कुठेच नव्हत्या आणि रोजकीर्दीत ते पैसे कधी जमा झालेच नव्हते. ज्या दानपेटीवर सगळ्यांचा डोळा असतो तिथून सहसा पैसा जात नाही. तो टेबलावरच्या पावतीपुस्तकातून जातो, आता क्यूआर कोडच्या फलकातून जातो. देवळातल्या फलकावरचा कोड स्वतः एकदा अकरा रुपये पाठवून तपासा. पैसे मिळवणाऱ्याचं नाव ट्रस्टचं दिसतंय की माणसाचं, ते तिथल्या तिथे कळतं.

ठेवींचंही असंच. ऑडिटला दरवर्षी ठेवपावतीची झेरॉक्स दाखवली जाते. मूळ पावती बँकेत तारण पडलेली असते आणि तिच्यावर कर्ज उचललेलं असतं, कधी विश्वस्ताच्या स्वतःच्या धंद्यासाठी. धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय विश्वस्तांना ट्रस्टसाठीसुद्धा कर्ज काढता येत नाही, मग स्वतःसाठी तर बोलायलाच नको. बँक तुम्हाला माहिती देणार नाही, तुम्ही खातेदार नाही. पण कुठलाही एक विश्वस्त तुमच्या बाजूला आला तर तो बँकेकडून शिलकीचं आणि बोज्याचं पत्र मागू शकतो. कुणीच आलं नाही तर कलम ३७ खाली धर्मादाय कार्यालयाच्या निरीक्षकाला तपासणीचे आणि कागद मागवण्याचे अधिकार आहेत, ते वापरायला लावायचे.

मुखवट्याबद्दल तुमचा संशय मी हलक्यात घेत नाही. नोंदवहीत बहुतेक वेळा "चांदीचा मुखवटा, १ नग" एवढंच असतं. वजन नाही, कस नाही, फोटो नाही. यात्रेआधी उजळायला किंवा नव्याने घडवायला म्हणून वस्तू सोनाराकडे जाते आणि परत येते तेव्हा नग एकच असतो. नोंदवही खरी ठरते, चांदी कमी होते. यावर उपाय गावातच आहे. जुन्या यात्रांचे, पालखीचे, लग्नांनंतर देवदर्शनाला गेलेल्या जोडप्यांचे फोटो घराघरांतून गोळा करा, मागे वर्ष लिहा. कानाची घडण, कपाळपट्टीवरचं नक्षीकाम, डाव्या गालावरचा जुना पोचा, असं काहीतरी बदललेलं दिसतं. आजोबांच्या पिढीतल्या कुणी मुखवटा अर्पण केला असेल तर त्या वेळची सराफाची पावती किंवा मंदिरातला शिलालेख बघा, त्यावर कधीकधी तोळे कोरलेले असतात. स्वतः जाऊन वजन करण्याचा हट्ट धरू नका. अर्जात मागणी करा की निरीक्षकासमोर पंचनामा करून, सरकारमान्य मूल्यांककाकडून वजन आणि कस तपासावा.

आता जमीन, कारण इथे घाई आहे. कलम ३६ सांगतं की सार्वजनिक ट्रस्टची स्थावर मिळकत विकायची, बदलून द्यायची किंवा बक्षीस द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. शेतजमिनीचा भाडेपट्टा दहा वर्षांपेक्षा जास्त किंवा बिगरशेती जागेचा आणि इमारतीचा तीन वर्षांपेक्षा जास्त असेल तरीही ती लागते. मंजुरी नसेल तर २९ वर्षांचा पट्टा कायद्याने टिकत नाही. पण तो कागदावर उभा असतो, त्याच्या आधारे फेरफार (सातबाऱ्यावरच्या नोंदीत बदल) होतो, उद्या तिथे शेड उभी राहते, परवा पोटभाडेकरू येतो. अपवादात्मक परिस्थितीत मागाहून मंजुरी मागण्याची वाटही नंतर कायद्यात आली आहे आणि तिकडे समोरचा आधी पोहोचला तर तुमचं काम दुप्पट होतं. दुय्यम निबंधकाकडून पट्ट्याची प्रमाणित नक्कल घ्या, डिजिटल सातबारा काढा आणि 'आपली चावडी' या महसूल खात्याच्या ऑनलाइन सूचना फलकावर त्या गटाची फेरफाराची नोटीस लागली आहे का ते बघा. लागली असेल तर मुदतीत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. जमीन देवस्थान इनाम (पूर्वी राज्यकर्त्यांनी देवळासाठी दिलेली) असेल तर महसूल खात्याचे नियम वेगळे आणि जास्त कडक आहेत, ते स्वतंत्रपणे बघावे लागतील.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. गबाळा हिशेब म्हणजे चोरी नव्हे. माझ्याकडे एक म्हातारे खजिनदार आले होते, निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्यांच्यावर पाच वर्षांच्या अपहाराचा आरोप होता. त्यांनी पिशवीतून बारा-तेरा जुनी कॅलेंडरं काढली. प्रत्येक पानाच्या मागे त्या महिन्याचा जमाखर्च पेन्सिलीने लिहिलेला होता, अगदी कापराच्या वड्या आणि तेलाच्या डब्यापर्यंत. तीन दिवस बसून आम्ही ते रोजकीर्दीत उतरवलं. शेवटी ट्रस्टच त्यांना सहा हजार चारशे रुपये देणं निघालं, कारण भंडाऱ्यात कमी पडलेले पैसे ते पेन्शनमधून घालत आले होते. तक्रार करणारा गट पंचायत निवडणुकीत हरलेला होता. त्या माणसाचे हात थरथरत होते ते मी विसरलेले नाही. म्हणून कागद बघताना हे तपासा: पैसा गेला तो देवस्थानाच्या कामाकडे गेला की त्या माणसाच्या घराकडे? पावती नसलेला खर्च हा एक मुद्दा आहे. भाच्याला दिलेला पट्टा, स्वतःच्या दुकानातून घेतलेलं सिमेंट, तारण टाकलेली ठेव, गायब पावतीपुस्तक हे निराळे मुद्दे आहेत, कारण त्यांच्या दुसऱ्या टोकाला त्याचा स्वतःचा फायदा आहे. तोवर गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'चोर' हा शब्द लिहू नका. बदनामीची फिर्याद झाली की तुम्ही तक्रारदाराचे आरोपी होता आणि मूळ प्रकरण बाजूला पडतं.

कागद जमले की अर्ज. तुम्ही पुण्यात राहता म्हणून अडत नाही. त्या देवळात पूजेला, दर्शनाला जाण्याचा ज्याला हक्क आहे किंवा जो जात आला आहे, तो कायद्याच्या भाषेत हितसंबंधी व्यक्ती आहे. तरी गावात राहणारे दोन-तीन जण अर्जदार म्हणून बरोबर घ्या, तारखेला हजर राहायला आणि वस्तुस्थिती सांगायला त्यांचा उपयोग होतो.

मागण्यांचा क्रम मी नेहमी असाच ठेवते. आधी कलम ४१ ई खाली मनाई: जमिनीत बांधकाम करू नये, पुढे हस्तांतर करू नये, ठेवी मोडू नयेत, दागिने हलवू नयेत. मालमत्ता जागेवर थांबली की श्वास घ्यायला वेळ मिळतो. त्याबरोबर कलम ४१ ब खाली चौकशी आणि कलम ४१ ड खाली विश्वस्ताला दूर करण्याचा अर्ज. हिशेब सतत न देणं, आदेश मुद्दाम न पाळणं, विश्वासघात, मालमत्तेचा अपहार किंवा गैरवापर ही सगळी ४१ ड ची कारणं आहेत. दोषारोप ठेवल्यावर निकाल लागेपर्यंत त्याला निलंबित करता येतं, ते अर्जात स्पष्ट मागा, नाहीतर चौकशी चालू आणि चाव्याही त्याच्याकडेच अशी अवस्था होते. नुकसानीची रक्कम त्या माणसाकडून वसूल करण्यासाठी कलम ३९ ते ४१ आहेत. तिथे आकडा लागतो, म्हणून "लाखो रुपये खाल्ले" असं लिहू नका. कुठल्या वर्षी, कुठल्या व्यवहारात, किती, हे लिहा. सचिवाच्या बचावाचा वकील ट्रस्टच्या खर्चाने उभा राहू नये, अशी मागणीही घाला, ती बहुतेक जण विसरतात. रिकाम्या झालेल्या जागांवर नवे विश्वस्त नेमायला कलम ४७ आहे. प्रकरण दिवाणी दाव्यापर्यंत गेलं तर कलम ५० आणि ५१ प्रमाणे आयुक्तांची संमती आधी घ्यावी लागते. जमिनीचा दावा दाखल झाला की तो प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. महाराष्ट्रात ती नोंद केलेली नसेल तर मधल्या काळात घेणारा माणूस 'मला माहीत नव्हतं' म्हणून उभा राहतो.

पोलिसांकडे कधी जायचं? अपहाराचा स्पष्ट कागद हातात असेल तेव्हा, आणि धर्मादाय कार्यालयातल्या अर्जाची नक्कल जोडून. १ जुलै २०२४ पासूनच्या कृत्यांना भारतीय न्याय संहिता लागू आहे: विश्वासघातासाठी कलम ३१६, खोटे हिशेब लिहिण्यासाठी कलम ३४४. त्याआधीच्या कृत्यांना जुनी दंडसंहिता, म्हणजे विश्वासघातासाठी ४०६, ४०९ आणि खोट्या हिशेबांसाठी ४७७ अ. "हे दिवाणी आहे, कोर्टात जा" हे ठाण्यात ऐकायला मिळेलच. तेव्हा तक्रार लेखी देऊन पोच घ्या, मग पोलीस अधीक्षकांकडे आणि तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जा. जुन्या ४०६ ची शिक्षा तीन वर्षांपर्यंत असल्याने न्यायालयाने त्या गुन्ह्याची दखल घेण्याला तीन वर्षांची मुदत आहे. गुन्हा आधी माहीत नसेल तर ती कळल्यापासून मोजतात, म्हणून तुम्हाला कोणता कागद कोणत्या तारखेला मिळाला ती तारीख जपा. दिवाणी बाजूला परिस्थिती दिलाशाची आहे. विश्वस्ताकडून ट्रस्टची मालमत्ता परत मिळवण्याच्या दाव्याला मुदत कायदा १९६३ च्या कलम १० मुळे मुदतीचा अडसर येत नाही. मोबदला देऊन ती मालमत्ता घेतलेल्या तिसऱ्या माणसाविरुद्ध मात्र मुदत धावते.

राहिले ते वयस्कर विश्वस्त. ते तुमच्या आजोबांचे सोबती असतील, त्यांच्याविरुद्ध अर्ज लिहिताना हात जड होईल. मी म्हणते, अर्ज लिहिण्याआधी त्यांच्या घरी जा, पण एकेकट्यांकडे. कोऱ्या ठरावांवर सही करणारा विश्वस्त "मला काही माहीत नाही" म्हणून सुटत नाही, उलट माहिती न घेणं हीच त्याची चूक ठरते, हे त्यांना प्रेमाने पण स्पष्ट सांगा. त्यांच्यापैकी कुणी तयार झालं तर त्यांनी आजच्या तारखेचं पत्र सचिवाला पोच मिळेल अशा टपालाने पाठवावं: मला रोजकीर्द, बँक पासबुकं आणि ठेवपावत्या दाखवा, पट्ट्याच्या ठरावाला माझी संमती नव्हती, पुढच्या सभेच्या इतिवृत्तात माझा विरोध नोंदवा. प्रत धर्मादाय कार्यालयात. असं एक पत्र त्या आजोबांना वाचवतं आणि तुमच्या अर्जाला आतला साक्षीदार मिळवून देतं. एका प्रकरणात ऐंशी वर्षांच्या विश्वस्तांनी पत्रावर सही करण्याआधी ते तीनदा वाचलं आणि म्हणाले, "बारा वर्षांत पहिल्यांदा वाचून सही करतोय."

हे सगळं नोंदणीकृत सार्वजनिक ट्रस्टबद्दल झालं. पंढरपूर, सिद्धिविनायक, शिर्डी यांचे स्वतंत्र कायदे आहेत. गोव्यातली देवस्थानं १९३३ च्या माझानी (महाजनांच्या मंडळांसाठीच्या) नियमावलीखाली चालतात आणि तिथे मामलेदाराकडे दाद मागतात. घरच्या मिळकतीचा खासगी ट्रस्ट असेल तर १८८२ चा भारतीय विश्वस्त कायदा लागू होतो. त्यात लाभार्थ्याला हिशेब मागण्याचा हक्क कलम १९ देतं, आणि दाद दिवाणी न्यायालयात मागायची असते.

तुमच्यासाठी या आठवड्यात तीन कामं: भाडेपट्ट्याची प्रमाणित नक्कल, चालू सातबारा फेरफारासह आणि परिशिष्ट १ चा उतारा. उताऱ्यात आजोबांची जमीन स्थावर मालमत्तेच्या रकान्यात नोंदलेली आहे का ते सगळ्यात आधी बघा. नसेल, तर आजोबांचं दानपत्र शोधायला घरातली जुनी ट्रंक उघडावी लागेल, आणि ते काम सचिवाला सुगावा लागण्याआधी व्हायला हवं.